खाप्याला गेलेलं हेल्मेट

डॉक्टरांनी माझ्या डाव्या कानात उजेड पाडून पाहिलं, मग उजव्या कानात पाहिलं, मग खुर्चीत मागे रेलून विचारलं, "ट्रक चालवता का तुम्ही?"

मी कळमेश्वरच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. अशा माणसाला हा प्रश्न विचारण्यात ट्रकवाल्यांचाही अपमान आहे आणि माझाही, पण माझा जरा जास्त.

"मोटरसायकल चालवतो," मी म्हणालो. "वाडीहून कळमेश्वर, रोज जाणं-येणं. आणि हेल्मेट घालून!"

"तेच तर," डॉक्टर म्हणाले. "ते हेल्मेटच तुमचा कान खाऊन राहिलं. ढिलं असेल, खालून वारा शिरत असेल, आत घुमत असेल. चांगलं घट्ट बसणारं, आवाज कमी करणारं घ्या. नाहीतर आज शिट्टी वाजून राहिली, उद्या ती पण ऐकू येणार नाही."

शिट्टीचं खरं होतं. संध्याकाळी घरी आलो की डाव्या कानात कोणीतरी कुकर चढवून विसरून गेल्यासारखं वाटायचं. परवा माझी बायको नंदिनी "दळण आणा" म्हणाली, मी "वळण आलं" असं ऐकलं आणि घरातल्या घरात डावीकडे सरकलो. तेव्हा तिनंच मला डॉक्टरांकडे पाठवलं होतं.

आता एक हेल्मेट घ्यायचं. दुकानात जायचं, डोक्यात घालायचं, पैसे द्यायचे, घरी यायचं. शहाणा माणूस ते काम एका संध्याकाळी उरकून टाकतो. पण मी त्याआधी बिल्डिंगच्या कंपाउंडात ते बोलून बसलो.

तळमजल्यावर रुपराव राहतात. वाडीत त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता, आता मुलगा पाहतो आणि रुपराव दिवसभर गेटजवळ खुर्ची टाकून जगाचा धंदा पाहतात. ते म्हणाले, "कायचं हेल्मेट अन् कायचं काय! कानात कापूस घाल न गा. एवढ्या कापसाच्या मुलखात राहून राहिला तू, अन् आवाजाची तक्रार करते?"

कानात बोळे घालून कारखान्याच्या गेटमधून आत जाणारा अकाउंटंट मी डोळ्यांसमोर आणला आणि ती सूचना नम्रपणे नाकारली. तेवढ्यात वरून धम्मानंद उतरले.

धम्मानंद विमा कंपनीत आहेत आणि त्यांना प्रत्येक वस्तूबद्दल माहिती असते. त्यांच्याकडे मोटरसायकल नाही, पण हेल्मेटवरचे जगभरातले व्हिडिओ त्यांनी पाहिले आहेत. त्यांनी मला गेटजवळच थांबवलं.

"लांजेवार, हेल्मेट म्हणजे टोपी नव्हे. तुमचं डोकं कोणत्या आकाराचं आहे?"

"डोक्याच्या."

"तसं नाही हो. गोल, लांबट, का मधलं? सगळं त्याच्यावर आहे. गोल डोक्याले लांबट हेल्मेट घातलं तर कपाळ दुखते आणि बाजूनं वारा शिरते. वहिनी, टेप आहे का?"

नंदिनीनं गॅलरीतून शिलाईचा टेप खाली टाकला. मग भर रविवारी, बिल्डिंगच्या कंपाउंडात, माझ्या डोक्याची मोजणी झाली. आधी भुवयांच्या वरून गोल, मग कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, मग कानापासून कानापर्यंत. धम्मानंद आकडे मोठ्यानं वाचत होते. शेजारच्या इंदूबाई वाळवणाचं ताट हातात धरून थांबल्या होत्या.

"एवढं मोठं आहे?" त्या म्हणाल्या. "दिसत तर नाही काही."

हे त्या डोक्याबद्दल म्हणाल्या की डोक्यातल्या ऐवजाबद्दल, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझं डोकं लांबट निघालं. धम्मानंदांनी ही बातमी अशा आवाजात दिली की मला वाटलं, यावर काही औषध असेल तर तेही सांगतील. मग त्यांनी माझं जुनं हेल्मेट मागवलं, फिरवून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "हे प्लास्टिकचं पातेलं आहे. याची मजबुती दाखवू का तुम्हाले?" मी काही म्हणायच्या आत ते दुसऱ्या मजल्यावर गेले आणि त्यांनी ते आपल्या गॅलरीतून खाली सोडलं.

हेल्मेटचे दोन तुकडे झाले. एक रुपरावांच्या खुर्चीखाली गेला.

"पाहिलं?" धम्मानंद वरून ओरडले. "याच्यात तुमचं डोकं असतं तर?"

माझं डोकं त्यांच्या गॅलरीतून पडण्याचा काही प्रसंग नव्हता, पण हे बोलायला मला उशीर झाला. मी बहुतेक गोष्टी बोलायला उशीर करतो, हे पुढेही दिसेल.

आमच्या कारखान्यात हेल्मेटशिवाय गाडी गेटच्या आत घेत नाहीत. म्हणजे आता नवीन हेल्मेट येईपर्यंत काटोल नाक्यापर्यंत ऑटो आणि पुढे एसटी. मी घाई केली. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून सीताबर्डीला एका दुकानात गेलो. एकटा गेलो असतो तर बरं झालं असतं, पण धम्मानंदही रजा टाकून आले होते.

दुकानदार भला माणूस होता. त्यानं एक हेल्मेट माझ्या डोक्यात बसवलं. माझे गाल दोन्ही बाजूंनी असे दाबले गेले की ओठ पुढे आले आणि मी कोणाला तरी फुंकर घालतो आहे असा दिसू लागलो.

"दुखते का?" धम्मानंदांनी विचारलं.

"हुव्व," मी म्हणालो.

"म्हणजे बरोबर बसलं. पहिल्या दिवशी जे दुखत नाही ते हेल्मेटच नाही. आता आवाज पाहू."

दुकानात उभ्या उभ्या हेल्मेटची शांतता कशी तपासतात हे मला माहीत नव्हतं. धम्मानंदांना होतं. त्यांनी माझ्या कानाजवळ टाळ्या वाजवल्या. शिट्टी मारली. मग चार पावलं मागे जाऊन काहीतरी बोलले. मला ते ऐकू आलं नाही, पण दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली, दुकानदारही तोंड फिरवून हसला. ते काय बोलले हे मी त्यांना नंतर पुष्कळदा विचारलं आहे. ते म्हणतात, आठवत नाही.

मात्र हेल्मेट उत्तम होतं. बाहेर सीताबर्डी होती, सगळे हॉर्न वाजत होते, आणि आत फक्त माझा श्वास. मला वाटलं, आपल्याला बाकीच्या आयुष्यात आणखी काही नको. तेवढ्यात दुकानदारानं किंमत सांगितली. ती मला आतूनही स्पष्ट ऐकू आली.

हेल्मेट काढताना कान आड आले. दुकानदारानं वरून ओढलं, धम्मानंदांनी मला खांद्यांना धरून खाली ओढलं, आणि मी दोघांच्या मधून बाहेर आलो तेव्हा माझे कान डॉक्टरांनी पाहिले होते त्याहून वाईट दिसत असावेत. धम्मानंद माझ्या लाल कानात कुजबुजले, "इथं नका घेऊ. हेच ऑनलाइन स्वस्त मिळते." कुजबुज चांगली मोठी होती. भल्या दुकानदारानं हेल्मेट फडक्यानं पुसून परत काचेच्या कपाटात ठेवलं.

हेल्मेट नंदिनीच्या मोबाईलवरून मागवलं, कारण सगळी खरेदी तिच्याच खात्यावरून होते. पुढचे दिवस एसटीत उभा राहून मी पार्सल कुठवर आलं ते पाहत होतो. भिवंडी. जालना. अमरावती. आणि एका सकाळी मोबाईल म्हणाला : वाडी.

वाडीत गोदामांना तोटा नाही. ज्या गोदामात माझं पार्सल आलं होतं त्याचा निळा पत्रा आमच्या गच्चीवरून दिसतो. मी चपला घालून चालत गेलो. गेटवरच्या माणसाला मोबाईल दाखवला.

"आलं आहे," तो म्हणाला. "गाडीत चढलं."

"मग उतरवून द्या. मी मागच्याच गल्लीत राहतो."

"आता उतरत नाही भाऊ. स्कॅन झालं."

"पण ते माझ्याच घरी यायचं आहे ना?"

त्यानं पुन्हा पाहिलं. "नाही. खाप्याले चाललं."

खाप्याला माझी सासुरवाडी आहे.

"अगंबाई," नंदिनी म्हणाली. "दिवाळीत आईले कुकर पाठवला होता न. तोच पत्ता राहिला वाटते."

म्हणजे माझं हेल्मेट माझ्या घराच्या मागून निघून, माझ्या कारखान्यावरून, सावनेर पार करून माझ्या सासऱ्यांकडे निघालं होतं. आणि मी त्याच रस्त्यानं एसटीत उभा राहून जात होतो. कदाचित आम्ही एकमेकांना ओव्हरटेकही केलं असेल. नंदिनीनं तिकडे फोन लावला. रेंज नव्हती, पण ती खूप ओरडली. "बाबा, पार्सल येईल! यांनी मागवलं! ठेवून घ्या!" पलीकडून "हो हो" ऐकू आलं.

शनिवारी मी मोटरसायकल काढली आणि खाप्याला निघालो. सावनेरच्या अलीकडे चौकात एका वाहतूक पोलिसानं हात केला.

"हेल्मेट?"

"तेच आणायला चाललो साहेब."

त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "कॉलेजच्या पोट्ट्यायले पण याच्याहून चांगलं सुचते," तो म्हणाला आणि त्यानं माझ्या गाडीचा फोटो काढला. मी त्याला गोदाम, कुकर, पत्ता, सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, पण चलान झालं होतं. रस्त्यावरची माणसं गाड्या हळू करून पाहत होती. वीस वर्षं हेल्मेट घालणारा मी, हेल्मेटसाठी घराबाहेर पडलेला मी, हेल्मेट नाही म्हणून उन्हात उभा होतो.

खाप्याला पोचलो तेव्हा घरासमोर माणसं जमली होती. मी घाबरलो. गाडी स्टँडवर लावून पुढे गेलो, तर ओट्यावर माझे सासरे आनंदराव बसले होते. अंगात बंडी, खाली धोतर, आणि डोक्यात माझं हेल्मेट.

मामाजींनी आजवर माझी स्तुती केल्याचं मला आठवत नाही. एकदा "जवाई दारू पीत नाही" असं म्हणाले होते, पण तेही तक्रारीच्या सुरात. ते मामाजी मला पाहून उठले, समोरची काच वर केली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आला! हा पाहा आला! यानंच पाठवलं!"

"मामाजी, ते—"

"माह्या सख्ख्या पोरानं कधी दुपट्टा नाही आणला माह्यासाठी. पुण्याले जाऊन बसला. अन् जवायानं डोक्याचा विचार केला." त्यांनी काचेखालून बोट घालून डोळा पुसला. "मी मोपेडवर वावरात जातो हे ध्यानात ठेवलं तुम्ही, जवाईबापू."

आता इथे एखादा धीट माणूस बोलला असता. मामाजी, गैरसमज झाला, ते माझं आहे, काढा. मी तोंडही उघडलं होतं. पण मामाजींनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "मापात बसलं का?" एवढंच माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"बरोब्बर!" मामाजी म्हणाले. "जसं माह्यासाठीच केलं."

म्हणजे त्यांचंही डोकं लांबट. सासरे-जावई यांच्यात काहीतरी सारखं असावं असं मला बरीच वर्षं वाटत होतं. ते हे असेल असं वाटलं नव्हतं.

माझ्या सासूबाई कांताबाई, म्हणजे मामीजी, स्वयंपाकघरातून हाक मारत होत्या. "अहो, जेवाले या! जवाई उपाशी बसून राहिले!" पुन्हा हाक मारली. पुन्हा. मामाजी काच खाली करून समोरच्या कडुनिंबाकडे पाहत बसले होते. चेहऱ्यावर असा आनंद की जसं त्यांना कोणी कधी हाक मारलीच नव्हती. माल चांगला निघाला, याची मी दुःखानं मनात नोंद घेतली.

परत येताना सावनेरच्या चौकात तोच पोलीस उभा होता. तो माझ्या उघड्या डोक्याकडे पाहतच राहिला.

"काय झालं? मिळालं नाही?"

"सासऱ्यांना आवडलं," मी म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावरचं पोलीस खातं उतरलं. त्याचंही लग्न झालं असावं. "जा," तो म्हणाला. "हळू जा. अन् कडेकडेनं जा."

सोमवारी मी पुन्हा सीताबर्डीच्या त्या दुकानात गेलो, एकटा. भल्या दुकानदारानं मला ओळखलं. मी कपाटातल्या हेल्मेटकडे बोट दाखवलं. "ते गेलं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सूड नव्हता, पण समाधान होतं. "याच्यावरचं आहे. आणखी शांत." ते आणखी महाग होतं. मी घेतलं. त्यानं दिलेली पिशवी छातीशी धरून मी घरी आलो आणि या वेळी कंपाउंडात कोणाला दाखवलं नाही.

त्यानंतरचा आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला आठवडा होता. फेटरीच्या रस्त्यानं सकाळी जाताना बाजूनं टिप्पर जायचे, मागून हॉर्न यायचे, पण सगळं दूर कुठेतरी, दुसऱ्या कोणाच्या तरी गावात चालल्यासारखं. कानातला कुकर थंडावला. मी घरी येऊन "दळण" ऐकायचो आणि दळणच आणायचो. एकदा तर गाणं गुणगुणलो. मला वाटलं, झालं, संपलं.

शुक्रवारी घरी आलो तर दारात एक मोठी पिशवी आणि आत मामीजी.

"मी आता इथंच राहणार," त्या म्हणाल्या.

माझ्या हातात हेल्मेट होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. घरात साप निघाल्यावर बायका पाहतात तसं.

"आणखी एक?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. मामाजी सकाळी उठले की हेल्मेट घालतात. वावरात जाताना घातलं तर ठीक, पण ते आल्यावरही काढत नाहीत. ओट्यावर घालून, झोपाळ्यावर घालून. "चहा पितानी काच वर, पिऊन झाला का काच खाली. मी बोलून राहिली, अन् माह्यासमोर काय तं त्या काचीत माह्यंच तोंड! तुम्ही सांगा जवाईबापू, आपल्याच तोंडाशी बाईनं किती दिवस बोलावं?"

"तुम्ही त्यांना म्हणायचं ना, काढा म्हणून."

"म्हणूनच तं राहिली! ऐकू कोणाले येते?"

नंदिनीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. "तुम्हीच दिलं बाबाले ते."

"मी दिलं नाही. ते गेलं."

"मग घेऊन काहून नाही आले?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला एकदम कळलं की ही हसण्याची गोष्ट राहिलेली नाही. आईवडिलांनी या वयात वेगळं व्हायचं, तेही माझ्या कानामुळे.

मामीजी घरात राहू लागल्या. त्या वाईट नाहीत, माझ्यावर त्यांचा जीव आहे. पण खाप्यात जे सगळं त्या मामाजींना सांगत होत्या ते आता मला सांगू लागल्या. मोटे बाईच्या सुनेनं केलेली कढी. कन्हानच्या पुरात वाहून गेलेली कोणाची तरी म्हैस, तिचा रंग, तिचा स्वभाव. मी ऑफिसातून आल्यापासून जेवण होईपर्यंत. कानातला कुकर पुन्हा चढला. एकदा माझी नजर खुंटीवरच्या हेल्मेटकडे गेली, फक्त नजर, तेवढ्यात नंदिनी हळू आवाजात म्हणाली, "घरात घालून तर दाखवा."

रुपराव खुर्चीतून म्हणाले, "सासू किती दिवस आहे गा?" मी वर आमच्या गॅलरीकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. धम्मानंदांनी मात्र मला जिन्यात गाठून सांगितलं की हेल्मेट दिवसभर घालून ठेवणं मानेला चांगलं नसतं, त्यांच्याकडे यावर व्हिडिओ आहे, मी तो मामाजींना पाठवावा.

मामाजींना मी फोन केला होता. रोज केला. ते उचलत आणि "हॅलो, हॅलो" म्हणत राहत. मग ठेवून देत. का, ते सांगायला नको असं मला तेव्हा वाटलं; खाप्याला रेंज नसते हे मी विसरलो होतो.

पुढच्या रविवारी सकाळी खाली मोपेडचा आवाज आला. मामाजी खाप्याहून वाडीपर्यंत मोपेडवर आले होते. जिना चढून दारात उभे राहिले, हेल्मेट घालून, हातात संत्र्यांची थैली. मामीजी स्वयंपाकघरातूनच सुरू झाल्या. मी मामाजींना पाणी दिलं तेही त्यांनी हातातच धरून ठेवलं. त्या बोलत होत्या, ते मान डोलवत होते. शेवटी त्या तरातरा बाहेर आल्या आणि पातेल्यावरचं झाकण उचलावं तशी त्यांनी त्यांची काच वर केली.

"ऐकून राहिले का?"

"आता राहिलो," मामाजी म्हणाले. मग त्यांनी खाली बसून पट्टा सोडवला आणि हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. कान लाल झाले होते. केस चिकटले होते. तसे उघड्या डोक्याचे ते एकदम म्हातारे वाटले.

"तू आली इकडे, त्याच दिवशी मी हे काढून ठेवलं," ते हेल्मेटकडे पाहून बोलले. "म्हटलं, आता घालू कायले? तसंही काही ऐकू येत नाही घरात. काल भाजी केली. मीठ नव्हतं तिच्यात. मी म्हटलं, मीठ नाही. कोणी म्हणलंच नाही का, मंग उठा न् घ्या."

नंदिनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"भाजी कोणी केली होती?" मामीजींनी विचारलं.

"मीच."

"मंग मीठ कोण टाकणार होतं, मी वाडीतून?"

मामाजी हसले. मामीजीही, तोंडावर पदर घेऊन. मग एकदम थांबून म्हणाल्या, "काढून ठेवलं होतं तं येतानी काहून घातलं?"

"सावनेरले पोलीस राहते न."

दुपारी जेवून दोघं निघाले. मामीजींनी पिशवी बांधली. मामाजींनी मोपेड पुसली, मागच्या सीटवर आपला दुपट्टा घडी करून ठेवला. आणि तेव्हा प्रश्न आला की मामीजींच्या डोक्यावर काय.

"मी बसनं जाते," त्या गडबडून म्हणाल्या. मामाजींनी घडी केलेला दुपट्टा उचलला आणि पुन्हा ठेवला.

नंदिनीनं माझ्याकडे पाहिलं. मला त्या वेळी माझा कान आठवला, डॉक्टर आठवले, फेटरीचा रस्ता आठवला. पण त्याच रस्त्यानं रेतीचे टिप्पर कसे जातात तेही मी रोज पाहतो. मामीजींचं डोकं त्यांच्यासमोरून उघडं जाणार, आणि माझं हेल्मेट घरात खुंटीवर लटकणार. मी वर गेलो आणि ते घेऊन आलो.

अंबाडा आड येत होता. नंदिनीनं तो सोडून खाली वेणी घातली, मग हेल्मेट बसलं. मामीजी आतून काहीतरी म्हणाल्या. मामाजींनी आपल्या हेल्मेटातून काहीतरी उत्तर दिलं. दोघांनाही एकमेकांचं ऐकू गेलं नसावं, पण त्या मागे बसल्या, त्यांचा खांदा धरला, आणि मोपेड गेटबाहेर गेली. रुपराव खुर्चीतून उठून पाहत होते.

"तुहे दोन हेल्मेट गेले न गा," ते म्हणाले.

सोमवारी मी काटोल नाक्यावरून एसटी धरली. गर्दी होती, पण मागच्या चाकावरची एक सीट मिळाली. खिडकीची काच खडखडत होती, पत्रा वाजत होता, पुढे कोणाचं तरी मूल रडत होतं. मी मनाशी म्हणालो, असू दे. दोन म्हातारी माणसं सुरक्षित घरी पोचली. पगार झाला की पुन्हा घेऊ. मला माझाच थोडा अभिमान वाटत होता. तेवढ्यात फोन वाजला. मामाजी.

"जवाईबापू! तुमची सासू कालपासून ते डोक्यातून काढूनच नाही राहिली!"

"काय?"

"म्हणते, तुम्ही घातलं तेव्हा मी काही म्हणलं का? आता माही पाळी. स्वयंपाकघरात घालून बसली! मी बोलून राहिलो, तिच्या काचीत माह्यंच तोंड! अन् तिचं तं माह्याहून भारी आहे, काहीच ऐकू येत नाही तिले! मी निघालो."

"कुठे?"

"तुमच्याकडे. आता मी तिथंच राहतो."

"मामाजी, नका!" मी उभा राहिलो. बसनं गिअर बदलला. "आज आम्ही घरी नाही!"

"जोरानं बोला! मोपेडवर आहे, हेल्मेट घालून आहे!"

"आम्ही! घरी! नाही!"

"घरीच आहा? मंग बरं," मामाजी म्हणाले, आणि फोन कटला.

मूल रडायचं थांबलं होतं. सगळी बस मागे वळून पाहत होती. शेजारच्या बाईनं आपली थैली मांडीवर घेऊन मला नीट बसायला जागा करून दिली.

"सासरे का?"

मी मान हलवली.

"राहाले येऊन राहिले?"

मी पुन्हा हलवली. कंडक्टर माझ्यापर्यंत आला, त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि तिकीट मागाहून घेऊ असं हातानंच सांगून तो हळूच पुढे सरकला. कळमेश्वर येईपर्यंत त्या बसमध्ये कोणीही एक शब्द बोललं नाही. इतकी शांतता मला कुठल्याच हेल्मेटात मिळाली नव्हती.